‘जरा उजळ करा’

फोटो स्टुडिओत येणारा माणूस स्टुलावर बसायच्या आधी एक वाक्य बोलतो. "जरा उजळ करा बरं का." बँकेच्या फॉर्मसाठी आलेला बोलतो, पोलीस भरतीचा अर्ज भरणारा पोरगा बोलतो, नातवाला घेऊन आलेली आजी नातवाच्या वतीनं बोलते. मागे एक गृहस्थ वारलेल्या वडिलांचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घ्यायला आले. फोटो नखाएवढा, आणि त्यात वडील कुणीतरी मागून हाक मारल्यासारखे दचकलेले. गृहस्थांनी सांगितलं, "कोट घाला, फेटा ठेवा, अन् जरा उजळ करा."

मी विचारलं, "वडील गोरे होते का?"

"न्हाई हो. जलम उन्हात गेला त्यांचा. आता तरी उजळ करा."



मी जालन्यात मस्तगडातल्या सलीमभाईंच्या स्टुडिओत फोटोग्राफी शिकते. कामाच्या आठवणी बहुतेक निवृत्त झालेली माणसं लिहितात. माझं तर आत्ता कुठे फोटोत माणसांची डोकी कापायचं थांबलंय. पण शिकताना जे टोचतं ते पुढं सवयीनं टोचेनासं होत असावं, म्हणून आत्ताच लिहिते.

मी मूळची परतूरची. माझे वडील, अण्णा, तिथं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, वजनकाट्यावर कामाला आहेत. आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदावरची. हुंड्याविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची, अडकलेल्या शिष्यवृत्तीसाठीची. अण्णा ती बाजाराच्या दिवशी वाटत, आणि उरलेल्या गठ्ठ्यावर आम्ही भावंडं वाचायला शिकलो. पत्रकात प्रत्येक वाक्य एकतर सवाल असतं नाहीतर मागणी. शंकेला तिथं जागा नसते. मला ती भाषा आवडायची, अजूनही आवडते. मोर्चांचे फोटो मोबाइलवर काढता काढता वाटलं की हे काम नीट शिकावं, आपल्या माणसांचे चेहरे आपणच काढावेत. म्हणून जालन्याला आले.

सलीमभाईंनी पहिल्या दिवशी मला कॅमेरा दिला नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं आणि गल्लीकडची खिडकी थोडी उघडली.

"खिडकी किती उघडी हाय, हे एक. किती वेळ उघडी हाय, हे दुसरं. अन् आत बसलेल्याचा डोळा किती तेज हाय, हे तिसरं. बस. एवढंच हाय फोटोग्राफीत, बाकी सगळा बाजार."

खिडकी किती उघडी, म्हणजे ॲपर्चर: भिंगाच्या आतलं भोक. इथं नवशिक्याची हमखास फजिती होते, कारण आकडा मोठा तेवढं भोक लहान. माझं डोकं बरेच दिवस उलटंच चालायचं. किती वेळ उघडी, म्हणजे शटर. ते सावकाश मिटलं की हलणाऱ्या माणसाचा धूर होतो. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी नाचणाऱ्या मुलींचे असे धूर काढून आणले होते. डोळा किती तेज, म्हणजे आयएसओ. तो फार वाढवला की अंधारातही दिसतं, पण फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. हे तिन्ही मिळून फोटोत किती उजेड पडला, त्याला एक्स्पोजर म्हणतात. हे शब्द मी घोषणांसारखे पाठ केले आणि मला वाटलं, आलं.

चौथी गोष्ट मला कॉम्प्युटरवर दिसली. तिथं एक पट्टी असते. ती उजवीकडे सरकवली की माणूस गोरा होतो. सलीमभाईंचा हात त्या पट्टीवर इतका सहज जायचा, जसा चहात साखर टाकणाऱ्याचा जातो. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत काम झालेलं.

मी सांगून टाकलं, "भाई, मी ही पट्टी सरकवणार नाही."

"का?"

"हा अपमान आहे. माणसाला त्याच्याच चेहऱ्याची लाज वाटायला लावायचं."

भाई हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, "बेटा, लाज ते घरूनच घेऊन येतात. मी कुठं विकून राह्यलो? माझ्याकडं फक्त पट्टी हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "ठीक. तू काढलेल्या फोटोला मी हात लावणार न्हाई. पण कस्टमर परत गेला तर तूच बोलायचं त्याच्याशी."

हा करार मला मोठा विजय वाटला. गिऱ्हाइकं मात्र माझ्यापासून सरकत सरकत भाईंच्या स्टुलावर जाऊ लागली. अशात सुनंदाताई आल्या.

सुनंदाताई जालन्यात एका तपासणी लॅबमध्ये रक्त घेण्याचं, तपासण्याचं काम करतात. उंच, सावळ्या, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणाऱ्या. बरोबर त्यांचे वडील होते, निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. काम लग्न जमवायच्या फोटोचं होतं. तीर्थपुरीचं एक स्थळ होतं आणि त्यांनी यायच्या आधी फोटो मागितला होता.

ताईंनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि भाईंकडे बघून म्हणाल्या, "मागचा फोटो तुम्हीच काढला होता. ओळखलं का?"

भाईंनी निरखून बघितलं. "चेहरा बघितल्यासारखा वाटून राह्यला."

"न्हाई ओळखणार तुम्ही. कुणीच न्हाई ओळखलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते उभ्या उभ्या, गल्लीतल्या गाड्यांच्या आवाजात सांगितलं. मागच्या वेळचा उजळलेला फोटो एका घरी गेला. ती माणसं बघायला आली. बरोबर मुलाची मावशी होती.

"तिनं माझ्याकडं बघितलं, मंग मोबाइलकडं बघितलं, मंग परत माझ्याकडं. म्हणली, फोटोतली धाकटी का? तिला बोलवा की बाहेर."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. मी एकुलती एक हाय." ताई हसल्या, पण गुरुजींनी मान खाली घातली. "पोहे खाऊन गेले. मी तिथंच बसून होते, ट्रे घेऊन. आता मला तसं बसायचं न्हाई. जशी हाय तशी काढा. कुणी यायचं तर मला बघून येऊ द्या."

मला वाटलं, इतके दिवस मी याच बाईची वाट बघत होते. मी म्हटलं, "ताई, तुमचा फोटो मी काढते."

गुरुजी हळूच म्हणाले, "थोडा उजळ असू द्या, बाई. घरात आल्यावर माणूस बोलतं, स्वभाव कळतो, नोकरी कळते. फोटोचं काम फक्त दारापर्यंत आणायचं."

इथं माझ्यातलं पत्रक बोलायला लागलं. रंगावरून माणूस पारखणं ही जातीचीच चुलत बहीण आहे, आपणच ती पाळली तर आपल्या चळवळीचा अर्थ काय, असं मी बरंच बोलले. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं.

"तू परतूरची ना? अण्णांची पोरगी? बोलणं तसंच हाय," ते म्हणाले. "तुझ्या बापासंगं मी बी असलीच पत्रकं वाटलीत. तू बोलून राह्यली ते बराबर हाय. पण मावशी बोलली तवा ट्रे माझ्या पोरीच्या हातात होता."

ताईच म्हणाल्या, "बाबा, ट्रे माझ्या हातात होता म्हणूनच म्हणते ना."

ताई आत जाऊन पांढरी साडी नेसून आल्या. आम्हा बौद्धांच्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्यात असतात. ताईंचं म्हणणं होतं, लग्नात जी दिसणार तीच फोटोत दिसू दे. मी फ्लॅश लावला नाही. फ्लॅश चेहऱ्यावर चुना फासतो, असं माझं ठाम मत होतं. मागच्या खोलीतली खिडकी पूर्ण उघडली, ताईंना तिच्याजवळ बसवलं, कॅमेऱ्याला त्याच्या हिशेबानं उजेड मोजू दिला आणि फोटो काढले. चांगले सात-आठ काढले. ताई सुंदर बसल्या होत्या, हनुवटी वर, ओठांच्या कोपऱ्यात किंचित थट्टा.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर साडी ओल्या सिमेंटसारखी करडी. आणि चेहरा काळवंडलेला. डोळे कुठं आहेत ते शोधावं लागत होतं. ओठांवरची थट्टा तर गेलीच होती.

मी म्हटलं, "ताई, थोडं डार्क आलंय. पण प्रामाणिक आहे. यात काहीच मिसळलेलं नाही."

गुरुजींनी बघितलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. ताईंनी कॅमेरा हातात घेतला. बांगडी मागे सारून आपलं मनगट पडद्याशेजारी धरलं. लॅबमध्ये तपासणीची पट्टी बाटलीवरच्या रंगांशी जुळवून बघतात, अगदी तसं.

"हा हात बघ," त्या म्हणाल्या. "अन् हे बघ. ही बी मी न्हाई."

"पण ताई, मी काहीच केलं नाही."

"मागच्या वेळी यांनी मला गोरी केली. आता तू काळी केलीस. मला विचारून दोघांनी बी न्हाई केलं."

आवाज वर गेला नव्हता. पण इतके दिवस ज्या पट्टीवर मी बोट ठेवत नव्हते, तिचाच दुसऱ्या टोकाचा खेळ माझ्या हातून झाला होता, एवढं मला कळलं. कसा झाला ते कळेना.

भाई दारात येऊन उभे होते. करार पाळून फोटोला हात लावला नाही. एवढंच म्हणाले, "प्लस कर."

कॅमेऱ्यावर प्लस-मायनसचं एक बटण असतं. कॅमेऱ्यानं मोजलेल्या उजेडापेक्षा जास्त हवा तर प्लस, कमी हवा तर मायनस. मला ते माहीत होतं, आणि म्हणूनच मी त्याला कधी हात लावला नव्हता. माझ्या लेखी ते त्या पट्टीचंच धाकटं भावंड होतं.

"नाही करणार," मी म्हटलं. "तुमचं उजळ करायचं तेच हे."

"मंग एक काम कर. ह्या भिंतीचा फोटो काढ. फक्त भिंत, दुसरं काही न्हाई."

भिंत नुकतीच रंगवलेली, पांढरीशुभ्र. काढला. पडद्यावर करडी भिंत.

"आता माझी बॅग."

भाईंची बॅग काळी. पूर्ण चौकट भरेल अशी जवळून काढली. पडद्यावर करडी बॅग. भिंत आणि बॅग, दोन्ही एकाच रंगाची.

"कॅमेऱ्याला पांढरं बी समजत न्हाई अन् काळं बी न्हाई," भाई म्हणाले. "त्याला सगळी दुनिया राखाडी पाहिजे. पांढरी साडी समोर आली की त्याला वाटतं, लई ऊन हाय. तो डोळे मिटून घेतो. साडी जाते राखाडी, अन् तिच्यासंगं चेहरा जातो अंधारात. तू त्याला सांगायचं, बाबा, हे ऊन न्हाई, साडी हाय. तेच प्लस. पट्टी नंतर खोटं बोलायला हाय, प्लस आधी खरं बोलायला."

मी त्या दोन करड्या फोटोंकडे बघत राहिले. यंत्र निःपक्षपाती असतं, आपण त्यात ढवळाढवळ केली नाही की सत्य बाहेर येतं, असं मी धरून चालले होते. पण कॅमेऱ्याचा स्वतःचा एक आग्रह होता, आणि आमच्या लग्नातल्या पांढऱ्या कपड्यांतल्या सावळ्या माणसांचे चेहरे त्या आग्रहात बुडत होते. मी लहानपणी पाहिलेल्या कितीतरी लग्नांच्या अल्बमांत नवरी अंधारात का होती, ते मला त्या खोलीत कळलं. आम्ही तिला नावं ठेवून मोकळे झालो होतो.

"ताई, परत बसता का?"

"बसायलाच आले," त्या म्हणाल्या.

भाईंनी थर्माकोलचा एक तक्ता आणून खिडकीच्या समोरच्या बाजूला धरला, म्हणजे खिडकीचा उजेड त्यावर आपटून चेहऱ्याच्या अंधाऱ्या भागावर येईल. मी प्लस थोडा वाढवला. फोटो काढला, पडदा ताईंपुढे धरला. मनगट शेजारी. "अजून." पुन्हा थोडा वाढवला. "अजून थोडं." साडी पांढरी व्हायला लागली, डोळे वर आले. एका फोटोवर ताईंनी मनगट ठेवलं, काढलं, परत ठेवलं. मनगट आणि फोटोतला गाल एकाच माणसाचे होते. ओठांच्या कोपऱ्यातली थट्टा परत आली होती.

सवयीनं भाई म्हणाले, "अजून एक प्लस मार, एकदम मस्त दिसंल."

मारला. खरंच देखणा फोटो आला. ताईंनी मनगट धरलं. "थांबा भाई. ही पुढं निघून गेली."

भाई हसले, थर्माकोल खाली ठेवत म्हणाले, "माझा हात थांबत न्हाई बघा."

कॉम्प्युटरवर दोन फोटो शेजारी शेजारी उघडले. एक मनगटाशी जुळलेला, एक पुढं निघून गेलेला. गुरुजी खुर्ची ओढून पुढं बसले. बराच वेळ दोन्हीकडे बघून त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"हा पाठवला तर? फरक थोडाच हाय."

"पाठवा," ताई म्हणाल्या. "पण ते बघायला येतील त्या रविवारी मी ड्यूटी लावून घेते. तुम्ही अन् हा फोटो बसा त्यांच्यापुढं."

"अगं, चांगलं घर हाय."

"असंल. मंग मला बघून या म्हणावं."

तो निर्णय त्या दोघांचा होता, आणि जे होईल ते ताईंना सोसायचं होतं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "धाड बाई. ती म्हणती तोच धाड." मी तो फोटो त्यांच्या मोबाइलवर दिला आणि तिथंच, आमच्या काउंटरवर टेकून, त्यांनी तो तीर्थपुरीला पाठवला. पाठवल्यावर मोबाइल खिशात ठेवायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही.

त्यानंतर माझं काम बदललं, असं म्हणता येईल. मी रोज सकाळी कॅमेरा हातात घेतला की आधी माणसाचे कपडे बघते. पांढरे असले तर प्लस, गडद असले तर मायनस, आणि मग चेहरा. गिऱ्हाइकांना विचारते, "जसं आहे तसं देऊ का?" दहातले आठ-नऊ म्हणतात, "जरा उजळच करा." मग भाईंची पट्टी सरकते, आणि गर्दी असली, भाई बाहेर गेलेले असले, की कधी कधी मीही सरकवते. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण समोर पोलीस भरतीचा अर्ज घेऊन उभ्या असलेल्या पोराला व्याख्यान देऊन त्याची तारीख चुकवायची, हेही मला पटत नाही. ही लढाई काउंटरच्या माझ्या बाजूनं एकटीनं जिंकता येणारी नाही. ती त्या पट्टीच्या फार आधी, घराघरांतल्या ट्रेपाशी सुरू होते.

तीर्थपुरीकडून उत्तर यायला आठवडा गेला. गुरुजी एकटेच स्टुडिओत आले. मी गिऱ्हाइकाचे फोटो कापत होते. त्यांचा चेहरा बघून मला कळलं.

"न्हाई म्हणले," ते म्हणाले. "फोटो बघूनच. येणार बी न्हाईत."

माझ्या हातातली कात्री थांबली. माफी मागावी तर कशाची, आणि न मागावी तर कशी. मी एवढंच विचारलं, "ताई?"

"रविवारी घरीच होती. मी सांगितलं, कुणी येणार न्हाई. म्हणली, बरं झालं. मंग मटण केलं तिनं. आम्ही तिघं जेवलो." ते बाकावर बसले. "मागच्या वेळची माणसं गेल्यावर पोरगी दोन दिवस बोलली नव्हती. ह्या वेळी रस्सा तिखट झाला म्हणून तिच्या आईसंगं भांडली."

भाईंनी चहा सांगितला. गुरुजींनी कप हातात धरून ठेवला.

"औरंगाबादला मेळावा हाय आपला, वधू-वरांचा. तिथं नाव दिलंय. फोटो लागतील."

भाई कॉम्प्युटरकडे वळले. मला ज्या प्रश्नाची भीती होती तोच त्यांनी विचारला. "गुरुजी, कोणता काढू? दोन्ही ठेवलेत."

"कोणता म्हणजे? सुनंदाचा." गुरुजींनी कप खाली ठेवला. "आता जे कुणी येतील ते तिलाच बघायला येतील. न येतील ते न येवोत."

मी प्रिंट काढायला लावले. यंत्रातून एकेक फोटो बाहेर येत होता, पांढरी साडी पांढरी, सावळा चेहरा सावळा. गुरुजी ते हातात न घेता बघत होते. मग उठून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "एक बारका काढ, बाई. खिशात बसंल असा."

मेळाव्याला तो लागणार नव्हता. मी तो काढला, कडा नीट कापल्या, आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.